तीनचाकीची सहावी मालकीण

आमच्या गल्लीत एक लाल तीनचाकी सायकल आहे. नऊ वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या दादांनी ती पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पान्यापासून पंख्यापर्यंत सगळे तिथे मिळते. सायकल तेव्हाही वापरलेलीच होती. एका चाकाचे रबर निघालेले, घंटी गायब. दादांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून चाकावर बसवली, आसाला वंगण लावले आणि मुलाच्या हाती दिली.

मुलाचे पाय लांब झाले तशी ती शेजारच्या मुलीकडे गेली. तिच्याकडून समोरच्या घरातल्या दोघा भावांकडे, मग चौकातल्या वहिनींच्या मुलाकडे. सीट उलटी केली की खाली पाच नावे दिसतात. पहिली दोन नेलपॉलिशने लिहिलेली आहेत, पुढची मार्करने. पहिल्या मुलाच्या मोठ्या बहिणीने हे सुरू केले आणि नंतरच्या घरांनी ते चालू ठेवले.

यंदा वहिनींच्या मुलाचे गुडघे हँडलला लागायला लागले. पलीकडच्या खोलीत अडीच वर्षांची मुलगी आहे. वहिनी सायकल घेऊन तिच्या दारात गेल्या, तेव्हा आम्ही आरोग्य पानाचे काम करणाऱ्या तिघीजणी तिथेच बसलो होतो. आमच्यातली एक नर्स आहे, एक अंगणवाडी सेविका.

“घे गं, तुझ्या पोरीला होईल आता,” वहिनी म्हणाल्या.

मुलीची आई सोसायटीत चार घरची धुणीभांडी करते. ती उठून उभी राहिली. “नको वहिनी. माझ्या पोरीला कुणाचं जुनं नको. पगार झाला की नवी घेईन.”

वहिनी काही न बोलता सायकल घेऊन परतल्या. मुलगी मात्र दारापर्यंत सायकलच्या मागे गेली आणि मग आईच्या मोबाइलकडे वळली. या महिन्याचे आरोग्य पान आम्ही त्या नकारावर लिहायचे ठरवले, कारण तो नकार आम्हाला कळला. आमच्यापैकी प्रत्येकीच्या घरात तो कधी ना कधी दिला गेला आहे.

नवे कपाटावर, जुने अंगणात

आधी मुलांच्या बाजूने बघू.

नवे खेळणे घरात आले की त्याचे काय होते, हे आपल्याला माहीत आहे. दीड-दोन हजारांची सायकल घेतली तर वरचे प्लॅस्टिकसुद्धा काढत नाही. “बाहेर नको नेऊ, चिखल लागेल,” “त्याला हात लावू देऊ नको, मोडेल.” पाहुणे आले की ती खाली येते आणि ते गेले की परत कपाटावर चढते. मूल ते खेळणे खेळण्यापेक्षा सांभाळायलाच शिकते.

जुन्या सायकलला ही भीती नसते. तिला आधीच चार ओरखडे आहेत, पाचवा पडला तर कुणी ओरडत नाही. ती पावसात भिजली तरी पुसून चालते. दोघे तिच्यावर बसतात, तिसरा मागून ढकलतो. कधी तिची रिक्षा होते, कधी गॅसची गाडी. चेंडूचा रंग उडाला म्हणून तो कमी उसळत नाही. वाळूत खेळायची बादली कडेला चिरली असली तरी त्यात घर बांधता येते. मोठ्या बहिणीची दोरी हातभर कापली की धाकटीला उडी मारायला बरोबर होते. आणि जुन्या खेळण्याबरोबर शिकवणाराही येतो. “हे पॅडल असं उलटं फिरवलं तर सायकल मागं जाते,” हे कालपर्यंत ती चालवणारा मुलगा जसे सांगतो, तसे आपल्याला सांगता येत नाही.

आता आरोग्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शन दिले. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे, म्हणजे तीन तास, हालचाल करावी असे त्यात म्हटले आहे. तीन आणि चार वर्षांच्या मुलांनी त्यातला किमान एक तास तरी दम लागेल असे खेळावे. दोन वर्षांखाली पडदा नकोच, आणि दोन ते चार या वयात दिवसाला एका तासाच्या आत. पडदा म्हणजे टीव्ही आणि मोबाइल दोन्ही.

दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे स्वयंपाक, अभ्यास आणि झोप एकाच जागी होते, तिथे तीन तास हालचाल कुठून येणार? ती बाहेरच होणार. बाहेर नेणारी गोष्ट म्हणजे चेंडू, सायकल, दोरी. मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांच्या अंगाला ऊन लागते, त्यातून शरीर ड जीवनसत्त्व तयार करते. ते फार कमी पडले तर हाडे मऊ राहतात, पाय वाकतात, ज्याला आपल्याकडे मुडदूस म्हणतात. बाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांना जवळच्या दृष्टीचा चष्मा लागण्याचा धोका कमी असतो. पॅडल मारताना मांड्या आणि पोटऱ्या भरतात, तोल सांभाळायला शिकतात. दमलेले मूल नीट जेवते आणि रात्री लवकर झोपते, हे तर कुठल्याही आजीला विचारा.

खेळ हा मुलांचा हक्कही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ खाली खेळाचा हक्क लिहिलेला आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला. पगार होईपर्यंत हा हक्क थांबवून ठेवला तर तेवढे महिने मुलाचे वय पुढे जाते. अडीच वर्षे परत येत नाहीत.

उतरलेले आणि हातोहात आलेले

मग ती आई चुकली का? आम्ही असे म्हणणार नाही.

आपल्या आज्यांनी मागच्या दाराशी उभे राहून जुनेर घेतले आहे. वरून टाकलेली भाकरी पदरात झेलली आहे. मनुस्मृतीने आपल्या पूर्वजांच्या वाट्याला मेलेल्यांचे कपडे आणि फुटकी भांडी लिहून ठेवली होती, ती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडलाच बाबासाहेबांनी लोकांना उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. आज आपण जुने घ्यायला कचरतो, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. तो स्वाभिमान जपायचाच आहे.

त्या आईचा स्वतःचा अनुभवही तिने नंतर सांगितला. दिवाळीला ती काम करते त्या एका घरातून तिला प्लॅस्टिकची मोठी गाडी मिळाली, मुलीला बसायला. बोनसबद्दल विचारले तर उत्तर आले, “एवढी गाडी दिली ना!” घरी आणून बघितले तर पुढचे चाक तुटलेले आणि सीटखाली फुटलेल्या प्लॅस्टिकची धार. मुलीच्या मांडीला लागले. भंगारवाल्याने गाडीचे वीस रुपये दिले. “तेव्हापासनं ठरवलं, कुणाचं जुनं घ्यायचं न्हाई,” ती म्हणाली.

आम्हाला वाटते, इथे दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली आल्या आहेत. ती गाडी वरून खाली आली होती. ती पैशांच्या जागी आली, न विचारता आली, मोडकी आली आणि उपकार म्हणून आली. वहिनींनी आणलेली सायकल बाजूच्या घरातून आली होती. ती चालू होती. ती देताना वहिनी मोठ्या होत नव्हत्या आणि घेताना मुलीची आई लहान होत नव्हती. उद्या हीच आई ती पुढच्या घरात नेऊन देणार होती. पहिली वस्तू म्हणजे उतरलेले. दुसरी हातोहात आलेली.

म्हणून कुणी खेळणे देऊ केले तर चार गोष्टी पाहाव्यात. ते पगाराच्या किंवा बोनसच्या जागी दिले जाते आहे का? तसे असेल तर ठामपणे सांगावे, खेळणे खेळण्याच्या जागी आणि कामाचे पैसे कामाच्या जागी. ते नीट चालते का? मोडके असेल तर देणाऱ्याने ते भंगारात द्यावे, आपल्या दारात नको. आपल्याला विचारून दिले का, नको म्हणायची मोकळीक आहे का? आणि आपल्या मुलाला त्या घरातल्या मुलासमोर ते नेऊन दाखवावे लागणार आहे का? उत्तरे बरी आली तर सोसायटीतून आलेली सायकलसुद्धा बिनधास्त घ्यावी. चांगली वस्तू कचऱ्यात जाण्यापेक्षा मुलाच्या पायाखाली फिरलेली बरी. पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. टाकलेल्या वस्तूतून कामाचे काय निवडायचे, ही नजर आपल्या बायांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तीच नजर आता मुलांच्या खेळण्यांवर फिरवायची.

घेण्याआधी हात फिरवा

जुने खेळणे घरात घेण्याआधी दहा मिनिटे उजेडात बसून बघावे. आमच्या नर्सताईंनी सांगितलेले मुद्दे असे आहेत.

प्लॅस्टिक अंगठ्याने दाबून बघा. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ होते, दाबले की पांढऱ्या रेषा दिसतात. ते मूल बसल्यावर फुटते आणि धार लागते. असे खेळणे घेऊ नका. सगळ्या कडांवरून आणि खालच्या बाजूनेही बोट फिरवा.

रंगाचे पोपडे निघत असतील तर सावध राहा. जुन्या रंगात शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली आणि खेळण्यांसाठी आयएसआय खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या खेळण्याबद्दल खात्री देता येत नाही. शिसे पोटात गेले तर मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. सगळे तोंडात घालणाऱ्या लहान मुलाला पोपडे निघणारे खेळणे देऊच नये. असा रंग घरी पॉलिश पेपरने घासूही नका, त्याची धूळ जास्त वाईट.

तीन वर्षांखालचे मूल घरात असेल तर सव्वा इंचाहून लहान तुकडा सुटत नाही ना, ते पाहा. चाकाची टोपी, घंटीचे झाकण, गोटी, हे घशात अडकते. आवाज करणाऱ्या किंवा दिवे लागणाऱ्या खेळण्यात बटनासारखी चपटी बॅटरी असते. तिचे झाकण स्क्रूने बंद नसेल तर बॅटरी काढून टाका. अशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका जळायला लागते. उलटी करवू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

सायकलचे नट-बोल्ट पान्याने आवळा. हँडलच्या उघड्या नळीला जुन्या ट्यूबची टोपी बसवा, नाहीतर पडल्यावर ती पोटात घुसते. बसल्यावर पाय पॅडलला पोचले पाहिजेत आणि गुडघे हँडलला लागता कामा नयेत. ओढणी, फ्रॉकची लोंबती नाडी चाकात अडकते, ती आधी बांधा.

वॉकर मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. मूल आत बसते आणि चाकांवर सुसाट जाते. आपल्या घरांना उंबरे आहेत, ओटे आहेत, समोर गटार आहे. वॉकरने मूल लवकर चालत नाही, उलट पडून डोक्याला मार लागतो. कॅनडाने तर २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. त्यापेक्षा आपला जुना लाकडी पांगुळगाडा चांगला. त्यात मूल स्वतःच्या पायावर उभे राहून गाडा ढकलते. तो मात्र सपाट जागेत आणि मोठे माणूस जवळ असतानाच द्या.

टायरचा झोका करणार असाल तर टायरला खालून तीन-चार भोके पाडा. पावसाचे पाणी साचले की त्यात डेंग्यूचे डास होतात. टायर, बादल्या, उलटी पडलेली खेळण्यातली गाडी, सगळे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करा. डासांची अंडी कडेला चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही.

नवीन आलेले जुने खेळणे साबणाच्या पाण्याने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, दिवसभर उन्हात वाळवा. नंतर मात्र सावलीत ठेवा. खेळून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा. मातीतून जंत होतात, अंगणवाडीत जंताच्या गोळीचा दिवस असतो तो चुकवू नका.

खरचटले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. माती, तंबाखू, डिझेल लावू नका. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का, कार्डावर बघा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, मग सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाच ते सहा वर्षांत बूस्टर. राहिली असेल तर सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

विहाराच्या अंगणात एक वही

एका घराचे खेळणे दुसऱ्या घरी जाते, ते आपल्या गल्लीपुरते झाले. पूर्ण वस्तीत ते व्हावे असे वाटत असेल तर फार काही लागत नाही. आम्ही दोन महिने करून पाहिले, त्यावरून सांगतो.

विहाराच्या अंगणात एक मोठा टब आणि एक वही ठेवा. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास. ज्यांच्या मुलांना खेळणे लहान झाले त्यांनी आणावे. दोघीजणी तपासतील, एक भाऊ पाना आणि तेलाची बाटली घेऊन बसेल. न चालणारे त्याच दिवशी भंगारात. वहीत खेळण्याचे नाव आणि कोणत्या वयाला चालते ते लिहा. कुणी दिले, कुणी घेतले, हे लिहू नका. देणगीदारांचा फलक नको. आज देणारा परवा घेणारा असतो, आणि मुलांना त्याचा हिशेब कळायची गरज नाही.

तीन गोष्टींवर मात्र लक्ष ठेवावे लागले. पहिली, मुली. सायकल आणि बॅट फिरत फिरत मुलांकडेच थांबतात आणि मुलींच्या हाती भातुकली उरते. आम्ही पाळी मुद्दाम लावली. दुसरी, आपल्यातले अपंग मूल. ज्याला पळता येत नाही त्याला मोठा मऊ चेंडू, वाळूची बादली, पाठीला आधार असलेला झोका आधी मिळाला पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती, ती म्हणजे जागा. अंगणात संध्याकाळी मोटारसायकली लागतात. खेळणी ढीगभर आणि चाक फिरवायला सहा फूट नाही, असे झाले. तरुण मंडळींशी बोलून पाच ते सात गाड्या बाहेर लावायचे ठरले. दोन दिवस कुरकुर झाली. तिसऱ्या दिवशी ज्याची गाडी सर्वांत आत असायची, त्याचाच पुतण्या अंगणात घसरगुंडीवर होता.

खेळाची जागा निवडताना रस्ता, उतार, उघडे गटार आणि पाण्याचे ड्रम यांपासून लांब असावी. ड्रमवर झाकण हवेच. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. एक मोठे माणूस नजर ठेवायला बसलेले असावे, आणि त्याने त्या वेळी मोबाइल खिशात ठेवावा.

सहावे नाव

त्या आईला आम्ही समजवायला गेलो नाही. पुढच्या रविवारी ती विहारात आली, मुलगी कडेवर. लाल सायकल टबाशेजारी उभी होती. मुलगी उतरली आणि सरळ सायकलवर जाऊन बसली. आईने सायकल उलटी करून बघितली. खालची नावे तिने एकेक करून वाचली. त्यातला एक मुलगा आता सातवीत आहे आणि रोज सकाळी तिच्याच गल्लीतून शाळेला जातो, हे तिला माहीत होते.

“डावं पॅडल ढिलं हाय,” ती म्हणाली. आम्ही म्हणालो, नीट करून देतो. “राहू द्या. मी करून आणते.”

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तिने सायकल दुरुस्तीच्या दुकानात ऐंशी रुपये देऊन दोन्ही पॅडल नवी बसवून घेतली. एक घंटीही लावली, जी नऊ वर्षांत कुणीच लावली नव्हती. संध्याकाळी वहिनींच्या दारात जाऊन म्हणाली, “वहिनी, मार्कर हाय का तुमच्याकडं?”

आता सीटखाली सहा नावे आहेत आणि सातव्यासाठी जागा आहे. घंटी मात्र फार वाजते. दुपारी झोपणाऱ्या आजोबांची तक्रार आली आहे, ती पुढच्या रविवारी विहारात घेऊ.